अंगावरच बेतलेला गाऊन

अठराव्या शतकातल्या इंग्लिश धाटणीचा गाऊन शिवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पॅटर्नचा. छापील पॅटर्नची पाकिटं परदेशातून मागवता येतात, पण ती महाग पडतात आणि त्यातलं माप कुणाच्याच अंगाला नेमकं बसत नाही. गंमत अशी, की ज्या बायकांनी हे गाऊन मुळात शिवले त्यांनी छापील पॅटर्न कधी वापरलाच नव्हता. वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने बाजारात आणले ते १८६३ साली. त्याच्या शंभर वर्षं आधी लंडनमधली शिवणारी बाई गिऱ्हाइकाला समोर उभं करायची, कापड तिच्या अंगावर टाकायची, टाचण्या लावायची आणि तिथल्या तिथे कापायची. इंचाच्या खुणांची टेपही तिच्याजवळ नसे. कागदाची एक लांब पट्टी असे आणि छाती, कंबर, दंड यांची मापं म्हणून त्या पट्टीला कात्रीने छोटे काप दिलेले असत. त्यामुळे पॅटर्नशिवाय गाऊन शिवणं ही आजच्या हौशी माणसाची कसरत नव्हे, ती मूळ रीतच आहे. मला तर वाटतं, हा गाऊन पॅटर्नवरून शिवणं जास्त अवघड आहे.

या बायकांना मँटुआ-मेकर म्हणत. मँटुआ म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेला सैलसर, झग्यासारखा पोशाख. तोवर प्रतिष्ठित बायकांचे कडक बांध्याचे कपडे पुरुष शिंपी शिवायचे. १६७५ साली चौदाव्या लुईने पॅरिसमधल्या शिवणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ काढायची परवानगी दिली, पण कडक पट्ट्या घातलेल्या चोळ्या शिंप्यांकडेच ठेवल्या. बायकांच्या वाट्याला सैल कपडे आले. शिंप्यांचं काम मापावर आणि भूमितीवर चालायचं. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने १५८० मध्येच कपडे कसे बेतायचे याचं आकृत्यांसह पुस्तक छापलं होतं. बायकांचं काम हातावर आणि टाचण्यांवर चालायचं. सैल मँटुआ अंगाशी आणायचा तर चुण्या घालायच्या आणि त्या जागेवर शिवून टाकायच्या. पुढे अठराव्या शतकभर गाऊनची रूपं बदलत गेली, तरी ही पद्धत टिकली.

टिकण्यामागचं कारण कापडाच्या किमतीत आहे. शिलाई स्वस्त होती आणि रेशीम महाग. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेल्या रेशमाचा पन्हा साधारण १९ ते २१ इंचांचा असायचा. त्यावर ॲना मारिया गार्थवेटसारख्या आरेखकांनी काढलेली मोठाली फुलं. तिची शेकडो जलरंगातली आरेखनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. असं कापड कळ्या-तुकडे करून कापलं तर फुलं तुटतात आणि पैसा वाया जातो. याच संग्रहालयात बार्बरा जॉन्सन या बाईंची वही आहे. एका धर्मोपदेशकाच्या या मुलीने १७४६ पासून १८२३ पर्यंत आपल्या बहुतेक प्रत्येक पोशाखाच्या कापडाचा तुकडा वहीत चिकटवला आणि शेजारी किती वार लागलं, काय भाव पडला ते टिपून ठेवलं. वही चाळताना लक्षात येतं की तिच्या लेखी पोशाख म्हणजे आधी कापडाचा हिशेब.

कापड शक्यतो अखंड ठेवायचं, जास्तीचं चुण्यांत दडवायचं आणि पुढे फॅशन बदलली की उसवून नव्याने बेतायचं, असा सगळा विचार होता. नऊ वार लुगडं न कापता निऱ्यांनी अंगाला बसवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. संग्रहालयांतल्या कितीतरी गाऊनांवर जुन्या घड्यांच्या रेषा आणि सुईची जुनी भोकं दिसतात. आईच्या गाऊनचा लेकीसाठी नवा गाऊन झालेला असतो.

पॅटर्न नाही म्हणजे आधार नाही असं मात्र नव्हे. जॅनेट आर्नल्ड या ब्रिटिश अभ्यासिकेने संग्रहालयांत बसून खरे पोशाख आतून-बाहेरून मोजले आणि चौकटीच्या कागदावर उतरवले. तिच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ मालिकेचं पहिलं पुस्तक १९६४ मध्ये आलं. नोरा वॉ हिचं ‘द कट ऑफ विमेन्स क्लोद्ज’ १९६८ चं. या आकृत्या मोठ्या करून थेट कापड कापायचा मोह होतो, तो आवरावा. ती एका विशिष्ट बाईच्या अंगाची नोंद आहे. शिवण कुठून कुठे जाते, उभा धागा कुठल्या दिशेला आहे, कुठे सांधा दिला आहे, एवढंच तिथून घ्यायचं. चित्रांवर तर त्याहून कमी भरवसा ठेवावा. पाठ सहसा दिसतच नाही, आणि जोशुआ रेनल्ड्ससारखे चित्रकार बायकांना मुद्दाम प्राचीन ग्रीक-रोमन वाटतील असे काल्पनिक झगे घालून रंगवायचे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो जास्त कामाचे. त्यातही आतल्या बाजूचा फोटो सापडला तर सोनं.

शिवायला बसण्याआधी आतले कपडे तयार हवेत, कारण गाऊन उघड्या अंगावर बेतत नाहीत. शमीज, त्यावर कॉर्सेट, कमरेला बांधायच्या छोट्या गाद्या, मग एक-दोन परकर. त्या काळातलं कॉर्सेट कंबर आवळण्यापेक्षा धडाला आकार देण्याचं काम करतं. छाती वर, पाठ सरळ आणि धड खाली निमुळतं होत जाणाऱ्या शंकूसारखं. पूर्वी त्यात व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या घालत. हल्ली बरेच जण हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय कापून घालतात आणि ते छान चालतात. हे काम टाळून थेट गाऊनकडे वळणाऱ्यांचे गाऊन नाटकाच्या कपडेपटातून भाड्याने आणल्यासारखे दिसतात. शंकूवर कापड सपाट बसतं, म्हणूनच या गाऊनला छातीशी एकही टक्स नसतो. आजच्या ब्लाउजचं पेपर कटिंग समोर ठेवून गाऊन बेतायला जाल तर पहिल्याच पायरीला अडाल. टक्सची सगळी गणितं कॉर्सेट नसलेल्या अंगासाठी आहेत.

दुसरं माणूस लागतंच. स्वतःच्या पाठीवर टाचण्या लावता येत नाहीत. डमी वापरायची तर तिलाही कॉर्सेट चढवून आत कापूस किंवा उशी भरावी लागते. दुकानातली कडक डमी दबत नाही आणि माणूस दबतं.

सुरुवात अस्तरापासून. लिनन मिळालं तर उत्तम, नाहीतर जाडसर मांजरपाट धुऊन घ्यावा. पुढच्या भागासाठी एक तुकडा घ्यायचा, त्याचा उभा धागा छातीच्या मध्यरेषेवर ठेवायचा आणि गळ्यापासून कमरेपर्यंत कॉर्सेटला टाचण्यांनी पक्का करायचा. मग तळहाताने कापड मागे सारत न्यायचं, काखेखालून पाठीच्या दिशेने. कमरेशी ते अडून बसतं. तिथे खालून छोटे काप दिले की खाली उतरतं. बगलेशी शिवण येत नाही, ती बरीच मागे, पाठीवर येते. पाठीचे दोन तुकडे मध्ये जोडलेले, वर रुंद आणि कमरेशी अगदी अरुंद. खांद्यावर वेगळी पट्टी. मुंढा आपल्या सवयीपेक्षा लहान आणि वर, जवळजवळ काखेला भिडलेला. लहान मुंढ्याने हात आखडेल असं वाटतं, पण होतं उलटं. मुंढा मोठा असेल तर हात उचलताना सगळा गाऊन वर ओढला जातो.

अस्तर बसलं, खुणा झाल्या, कच्चा टाका घालून एकदा घालून पाहिलं, की पॅटर्न तयार झाला. फरक एवढाच की हा पॅटर्न कपाटात जात नाही. तो गाऊनच्या आत राहतो आणि वरचं कापड त्याच्यावरच शिवायचं असतं. या पद्धतीचा गाभा हाच. अस्तर अंगाला घट्ट आणि भार पेलणारं, वरचं कापड त्याच्यावर पसरलेलं आणि मोकळं.

आता पाठ. या गाऊनची सगळी शान पाठीत आहे. मानेपासून जमिनीपर्यंत कापड अखंड उतरतं. २० इंच पन्ह्याच्या दोन पट्ट्या मध्ये जोडल्या जायच्या. आपल्याकडच्या ४४ इंची कापडाची एकच लांबी पुरते, फक्त मध्यावर खोटी शिवण टाकली तर त्या काळासारखं दिसतं. कापडाची मध्यरेषा अस्तराच्या मध्यरेषेवर टाचायची. तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन लांब प्लेट्स घालायच्या, वर गळ्याशी रुंद आणि कमरेकडे येताना निमुळत्या. कमरेपाशी चारही प्लेट्स मिळून तीन-चार बोटांत मावल्या पाहिजेत. त्या अस्तरासकट बारीक टाक्यांनी वरून शिवत आणायच्या आणि नेमक्या कमरेला थांबायचं. तिथून खाली प्लेट्स सुटतात आणि त्यांचा घेर होतो. पाठीचा बांधा आणि मागचा घागरा यांच्यामध्ये शिवणच नसते. पाठीच्या दोन बाजूंच्या प्लेट्स आरशातल्यासारख्या जुळायला हव्यात. पाव इंचाचा फरकही लांबून दिसतो, म्हणून सुई लावायच्या आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघावं.

प्लेट्सच्या दोन्ही बाजूंना अजून बरंच कापड लोंबतं. इथे एक काप द्यावा लागतो आणि सगळ्या कामात कात्री धरलेला हात थबकावा अशी ही एकच जागा. बाजूच्या किनारीकडून कमरेच्या रेषेत आडवं कापत यायचं, शेवटच्या प्लेटच्या अलीकडे थांबायचं. कापाच्या वरचा भाग अस्तराच्या आकाराला छाटून पाठीला बसवायचा. खालचा भाग घागऱ्याचा, तो चुण्या घालून कमरेला जोडायचा. काप अर्धा इंच जास्त गेला तर प्लेटच्या मुळाशी भोक पडतं आणि ते झाकायला जागा नसते. काप देण्याआधी शेवटच्या बिंदूवर दोऱ्याची गाठ मारून ठेवली की कात्रीला कुंपण मिळतं.

घागऱ्याच्या बाजूच्या चुण्या बारीक असतात, पाव ते अर्धा इंच. बाजूला वीतभर फट मोकळी सोडायची. खिसे गाऊनला शिवलेले नसत, कमरेला बांधलेल्या वेगळ्या पिशव्या असत आणि त्या फटीतून हात घालून गाठायच्या. समोरून गाऊन उघडा राहतो आणि आतला परकर दिसतो, म्हणून तो परकर त्याच कापडाचा किंवा शोभेसा करतात. या सगळ्याला ४४ इंची पन्ह्याचं साधारण पाच-सहा मीटर कापड गाऊनला आणि अडीच-तीन मीटर परकराला धरावं.

खालची कड समतल करायची रीतही आपल्या उलट आहे. आपण कंबर आधी बसवतो आणि खाली जमिनीपासून मोजून हेम घालतो. तिथे खालची कड सरळ धाग्यात आधीच दुमडून शिवून टाकत आणि कमी-जास्त वर कमरेशी करत. नितंबांवरच्या गादीमुळे मागे लांबी जास्त लागते, पुढे कमी. पुढचं जास्तीचं कापड कमरेत दुमडून आत घालायचं, कापायचं नाही. यामुळे नक्षी तिरकी कापली जात नाही आणि उसवल्यावर पुन्हा सरळ पट्टी हाती येते.

बाही हा शिवणक्लासमधला भीतीचा धडा. बाहीचा गोल, मुंढ्याचं माप, किती इंच जास्त धरायचं, यात निम्मा महिना जातो. मँटुआ-मेकरने हा प्रश्न सोडवला नाही, तो येऊच दिला नाही. बाही कोपरापर्यंत आणि तंग, बरेचदा उरेब कापलेली, कोपराशी बाक यावा म्हणून दोन-तीन बारीक दुमडी घातलेली. बाहीचा खालचा अर्धा भाग, म्हणजे काखेकडचा, आतून बखिया टाक्याने मुंढ्याला पक्का शिवायचा. वरचा अर्धा भाग तसाच सुटा. मग गाऊन अंगात घालायला सांगायचा. हात जरा पुढे धरायला लावायचा, बाहीचं कापड दंडावरून वर सारून अस्तराच्या खांदापट्टीवर आडवं टाकायचं, जे जास्तीचं उरेल त्याच्या छोट्या चुण्या खांद्याच्या मागच्या बाजूला घालायच्या आणि टाचण्या लावायच्या. हात वर, पुढे, मागे करून बघायचा. ओढ बसली तर दोन टाचण्या काढून कापड पाव इंच सोडायचं. जमलं की गाऊन उतरवून तिथे टाके घालायचे. खांद्यावर कच्च्या कडांचा गबाळा कारभार दिसतो, पण त्यावर गाऊनच्याच कापडाची खांदापट्टी येते आणि सगळं झाकून टाकते. दोन्ही खांदे सारखे नसले तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक बाही त्या-त्या खांद्यावरच बसवलेली असते. गणित करून कापलेल्या बाहीत हे साधत नाही.

इथेच मशीनचा प्रश्न येतो. शिवणाचं मशीन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं, तेव्हा शुद्धतेचा आग्रह असेल तर सगळं हातानेच. मी इतकी कडक नाही. परकराच्या लांब शिवणी मशीनवर मारायला हरकत नाही, कुणी आत डोकावणार नाही. पाठीच्या प्लेट्स आणि खांदे मात्र हातानेच शिवावे लागतात, आणि त्यात हौसेचा भाग नाही. मशीनला कापड सपाट लागतं. इथे कापड अंगाच्या गोलाईवर बेतलेलं असतं आणि ते सपाट करायला गेलं की बसवलेलं सगळं सरकतं. हाताच्या शिलाईचा धसका घेणाऱ्यांनी जुन्या गाऊनांच्या आतले फोटो पाहावेत. बाहेरून दिसणारे टाके नीटस, आतले लांबलचक धावदोरे. घागऱ्याच्या शिवणी तर भरभर ओढलेल्या. जोड किनारीला किनार लावून असल्याने धागे निघायची भीती नव्हती आणि पुढे कधीतरी उसवायचं होतंच. दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्ग हे जुनं शहर जतन केलं आहे. तिथल्या मार्गारेट हंटर नावाच्या दुकानात आजही हाताने याच पद्धतीने काम चालतं आणि तिथल्या कारागिरांनी एका दिवसात गाऊन पुरा करून दाखवला आहे. अर्थात चार हात असले आणि ते रोजचे असले तर.

कापड निवडताना आपल्याकडचे लोक नकळत चुकतात. साटीनच्या पॉलिस्टरवर प्लेट बसत नाही, घसरते, आणि चमक भलतीच येते. ड्युपियन रेशमातल्या गाठी आज सुंदर वाटतात, पण त्या काळी तो मालातला दोष धरला जाई. गुळगुळीत टॅफेटा सर्वात योग्य. पण मला विचाराल तर सुती छीट घ्यावी, आणि तिथे भारताचा खरा संबंध येतो. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेल्या छिटांनी युरोपला इतकं वेड लावलं की तिथले लोकर आणि रेशीम विणकर रस्त्यावर उतरले. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालायलाच मनाई केली, ती उठली १७७४ मध्ये. बंदीच्या काळातही बायका छिटांचे गाऊन घालतच होत्या. रेशमापेक्षा हे कापड हलकं आणि धुता येणारं. मच्छलीपट्टणच्या कलमकारीत पांढरट जमिनीवर वेली आणि सुटी फुलं असलेला तागा मिळाला तर तो या गाऊनला सहज शोभतो. गडद जमीन आणि जाड काठ टाळावेत.

गाऊन पुढे कशाने बंद व्हायचा हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. हुक नाही, बटण नाही, टाचण्या. कॉर्सेट जाड असल्याने टोचत नाहीत, फक्त टाचणीचं टोक कापडात परत आत घालायचं. रोज किंचित घट्ट-सैल करता येतं. जेवणानंतर त्याचं महत्त्व कळतं.

सजावटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याच कापडाच्या पट्ट्या कडेला कातरून, मध्ये धावदोरा ओढून चुणीदार करायच्या आणि गळ्यापासून खाली लावायच्या. उरलेल्या चिंध्याही त्यात संपतात.

एवढा खटाटोप पहिल्याच फटक्यात नको असेल तर एक सोपा रस्ता आहे. १७८३ मध्ये एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं, पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे अशी ओरड झाली आणि चित्र उतरवून त्या जागी रेशमी गाऊनमधलं दुसरं लावावं लागलं. झगा मात्र लोकांना आवडला. पुढच्याच वर्षी डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना राणीने भेट दिलेला तसाच झगा मिरवत होती. त्याला ना प्लेट्स, ना बाहीचं गणित. मलमलीचे सरळ पन्हे जोडायचे, गळ्याला आणि कमरेला नेफे घालायचे, नाड्या ओवून अंगावर ओढायच्या आणि कमरेला रुंद रंगीत पट्टा बांधायचा. मलमल मात्र आधी धुऊन वाळवून घ्यावी, नाहीतर पहिल्या धुण्यात झगा घोट्यावर येतो. आणि आतून कॉर्सेट इथेही लागतंच.